खाडीचं टोपलं

टोपलं उपडं घालून त्यावर बसायचं नाही, हा जोमा खिळ्यांचा नियम होता. दमला असाल तर मातीत बसा, दगडावर बसा, नाहीतर उभे रहा. बांधावर कुणी टोपल्यावर टेकलेला दिसला की ते जवळ जात आणि हलक्या आवाजात विचारत, "काय बाबा, कशाला न्हाय म्हनतोस?" पाव्हण्याला काही उमगत नसे. गावचा माणूस मात्र विंचू चावल्यासारखा उठे.

हे समजायला आमचं गाव सांगितलं पाहिजे. म्हसळ्याकडून आगरदांड्याकडे खाडी उतरत जाते, तिच्या एका वळणावर आम्ही. वरच्या अंगाला वरकस माळ, खाली खारी जमीन, आणि खारी जमीन व खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध. बांध आहे तोवर भात आहे. खारं पाणी एकदा आत शिरलं की दोन-तीन पावसाळे ते शेत गोडं होत नाही. म्हणून बांध राखणाऱ्या घरांची एक जमात असे, तिला जोळ म्हणत. जोळाला पाटील नव्हता की पंच नव्हते. भात झोडून झालं, उन्हं तापू लागली, की सगळी घरं बांधावर जमत. प्रत्येक घरचा पुरुष आपलं माती वाहायचं टोपलं आणून ओळीत ठेवी. कुठली बाजू आधी भरायची, पाणी सोडायच्या उघाडीचा दरवाजा बदलायचा की नाही, ते कुणीतरी मांडी. पटलं त्याचं टोपलं सुलटं राही, न पटलं तो आपलं टोपलं उपडं करी. आणि एक जरी टोपलं उपडं दिसलं तरी काम उचलायचं नाही. सगळ्यांनी खाली बसायचं आणि बोलायचं, ते सुलटं होईपर्यंत.

कॉलेजात असताना मला हा शुद्ध आडमुठेपणा वाटे. बहुमत म्हणून काही चीज आहे की नाही? पण आमच्या बांधाचा एकेक तुकडा एकेका घराकडे असे. मनाविरुद्ध माती टाकणारा पोकळ टाकतो, आणि खाडीला बहुमताशी कर्तव्य नसतं, तिला पोकळ जागा तेवढी हवी असते. हे मला जोमाकाकांमुळे कळलं. कळलं तेव्हा मी बी.ए. होऊन बसलो होतो.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. बापूस खारीत राबला, आय चिखल वाहत राहिली, मी मुंबईत शिकवण्या करून पदवी घेतली. हे मी अभिमानानं सांगतो. ज्याला खुपत असेल त्यानं कान झाकावे. पदवी मिळाली पण नोकरी मिळेना, म्हणून काही काळ गावीच होतो. गावात माझ्या इंग्रजीचा उपयोग असणारा एकच माणूस, आणि तोही मराठी चौथीच्या पुढे न गेलेला.

खिळे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते मुंबईला एका छापखान्यात कंपोझिटर होते. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून जुळवून उजव्या हाताचा अंगठा चपटा झालेला, नखाशी काळी रेघ कायमची बसलेली. गिरण्यांचा मोठा संप झाला तेव्हा संपवाल्यांची हस्तपत्रकं त्यांनी जुळवली. संप मोडला आणि त्यांना छापखान्यातून काढलं. मग कुठलाच छापखाना दारात उभं करीना, तेव्हा गावी आले. येताना जुळणीची एक लोखंडी पट्टी घेऊन आले, आणि एक सवय. समोरच्या माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र ते पलीकडून, उलटं, झरझर वाचत. सुलटं धरून दिलं तर अडखळत.

"मजकूर उलटा लावल्याबिगर सुलटा छापत न्हाय," असं ते म्हणत. कुणी म्हटलं की जोमा, जगाची रीतच अशी हाय, श्रीमंत वर नि गरीब खाली, की हे वाक्य ठरलेलं.

छापखान्यात हातांखालून जे गेलं ते सगळं त्यांच्या डोक्यात राहिलं होतं. औषधांच्या जाहिराती, सत्यनारायणाची कथा, आणि त्यांच्याच शेजारी समाजसत्तावाद्यांची पुस्तकं. एक शब्द त्यांनी वर्तमानपत्रासाठी शेकडो वेळा जुळवला होता, अराजक. दंगल झाली, लूट झाली, की बातमीच्या डोक्यावर तो. मग एका चोपड्यात तोच शब्द आला, आणि तिथं लिहिलेलं की हुकूम करणारा कुणी नसला तरी माणसं एकमेकांच्या आधारानं, शहाण्यासारखी राहू शकतात. जोमाकाका मला म्हणाले, "मी हात थांबवला आनि वाचत बसलो. त्या दिवशी फोरमननं शिव्या दिल्या. मी म्हटलं, दे बाबा. आमचं जोळ कुनीतरी पुस्तकात घातलंय."

संध्याकाळी मी बांधावर गेलो की ते विडी पेटवून मला कॉलेजातल्या पुस्तकांत काय आहे ते विचारत, आणि मी सांगू लागलो की मधेच तोडून स्वतः सांगू लागत. बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येई, तिला ते 'पुढलं गाव' म्हणत. पुढल्या गावात खोत नाही. जमीन कसणाऱ्याची, असंही नाही. जमीन जमिनीची, कसणाऱ्याकडे तिची राखण. डोंगरातून लाकूड आणलं तर डोंगराला काय परत दिलं ते आधी सांगायचं. यंत्रांना त्यांचा विरोध नव्हता. "छापखाना असनार. छापखान्याबिगर गाव कसलं?" फक्त यंत्रानं माणसाला दमवायचं नाही आणि पाण्याला घाण करायचं नाही.

मी वाद घाली. आळशाचं काय? गटारं कोण उपसणार? दोन गावं भांडली तर? त्यांच्याजवळ प्रत्येक प्रश्नाला जोळातली काहीतरी गोष्ट असे. एकदा मी चिडून म्हटलं की हे सगळं स्वप्न आहे, होणार कसं ते सांगा. ते म्हणाले, "होनार कसं ते नको इचारू. कुठं कुठं थोडं होऊन गेलंय ता शोध. खोत शेतावर येतो, खळ्यावर येतो. बांदावर कवा आलेला बघितलास? म्हनजे बिनमालकाची एक वाट आपल्या गावात हाय. रुंद करायची एवढंच."

मालक हा शब्द त्यांना खपत नसे. गावातल्या बायका नवऱ्याला मालक म्हणत. त्यांच्या बायकोला, काशीकाकूंना, त्यांनी लग्नानंतर लगेच बजावलं होतं की मला मालक म्हणायचं नाही. काकू हे सगळ्यांना सांगत आणि वर म्हणत, "मालक न्हाय म्हनतात, आनि पानी मागताना आवाज मालकाचा." काकू ठेंगण्या, काळ्यासावळ्या, बोलायला कातरीसारख्या. घरचं शेत त्याच कसत. काका पुढलं गाव सांगत असताना त्या चालता चालता ऐकत आणि नेमका खडा टाकत.

त्यांच्या पाणचक्कीची गोष्ट गावात पुष्कळ दिवस चालली. उघाडी म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा. ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला मिटायचं. त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यावर चाक फिरवून भात कांडायचं, बायकांचे हात सुटतील, असं काकांनी काढलं. आंब्याच्या फळ्यांचं चाक केलं, दांडा बसवला, एक मुसळ टांगलं. ओहोटीला पाणी सुटलं, चाक फिरलं, मुसळ दोनदा उचललं गेलं. बांधावरच्या माणसांनी वाहवा केली. तिसऱ्या खेपेला फळ्यांत चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, अडकल्या आणि चाक थांबलं. काकूंनी चिंबोऱ्या काढून ओच्यात घेतल्या आणि म्हणाल्या, "भात न्हाय कांडला, पन कालवन दिलं. गिरनी वाईट न्हाय."

काका सगळ्यांच्या आधी हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नसे, खांदे तेवढे हलत.

आमचा मुलूख संस्थानी. मुंबईत जे चौकात बोललं जाई ते इकडे कुजबुजीतही चालत नसे. म्हसळ्याला कुणीतरी कळवलं की अमुक गावात एक बोल्शेविक राहतो आणि त्यानं मंडळी जमवली आहे. एक हवालदार आला तो नेमका जोळाच्या दिवशी. ओळीनं माणसं, पुढ्यात टोपली, मधे जोमा खिळे. हवालदारानं विचारलं, या मंडळीचा म्होरक्या कोण? कुणीच नाही, असं सगळे म्हणाले. मग सभा कुणी बोलावली? नामाआजा म्हणून आमच्यातले सगळ्यांत म्हातारे, ते म्हणाले, "भरतीनं." हवालदार घामाघूम झाला होता. त्यानं जवळचं एक रिकामं टोपलं उपडं केलं आणि त्यावर बसला.

सगळी ओळ खाली बसली. हवालदार चकित. काका त्याच्यासमोर मातीत मांडी घालून अगदी अदबीनं म्हणाले, "साहेब, उघाडीचा दरवाजा सागाचा करावा असं चाललं हुतं. तुमची हरकत काय ती सांगा, म्हंजे बोलता येईल." हवालदार म्हणाला, माझी कसली हरकत? "मंग उठा," काका म्हणाले. तो उठला, काकांनी टोपलं सुलटं केलं, आणि सगळे कामाला लागले. हवालदार थोडा वेळ उभा राहिला, शहाळं प्याला आणि परत गेला. पुढे काही झालं नाही. काका मात्र त्या दिवशी मला म्हणाले, "बघितलास? सरकार आलं, आनि त्याचंबी मत आपन इचारलं. पुढल्या गावात यापरीस मोठा मान कुनाला न्हाय."

खरी गोष्ट आता येते.

खोताच्या कारभाऱ्यानं एका उन्हाळ्यात जोळापुढे एक बेत ठेवला. आमच्या बांधाबाहेर खाडीच्या चिखलात तिवराचं आणि कांदळाचं दाट रान होतं. ते तोडायचं, लाकूड खोत नेईल. मग बाहेरच्या बाजूनं नवा बांध घालायचा आणि आत जी नवी खार निघेल ती जोळातल्या घरांनी कसायची, पहिली काही वर्षं खोताचा हिस्सा न देता. बांधाआतली जुनी जमीन वाडवडिलांनी बांध घालून काढलेली, ती ज्या त्या घराची. खोत पिकातला हिस्सा घेई, पण जमीन काढून घेऊ शकत नसे. तशीच आणखी जमीन मिळणार म्हटल्यावर कुणाचं मन चळणार नाही? घरं वाढली होती, शेतं तेवढीच होती. माझ्या बापसाचंही मन गेलं, आणि मला त्यात काही गैर दिसलं नाही.

काका म्हणाले, रान गेलं तर लाटेला अडवणार कोण? बांध माती आहे, त्याचं कवच बाहेर उभं आहे. लोकांनी ऐकून घेतलं, पण माना हलल्या नाहीत.

जोळाच्या दिवशी टोपली ओळीत लागली तेव्हा काका दोन टोपली घेऊन आले. एक आपलं ठेवलं. दुसरं, नवं कोरं, वेळूचं पिवळंधमक, शेजारी ठेवलं. नामाआजांनी विचारलं, हे कुणाचं?

"खाडीचं," काका म्हणाले.

हशा पिकला. कुणी म्हणालं, खाडी येनार कवा, भरतीला की ओहोटीला? काकांनी हसू दिलं. मग म्हणाले की बांध दोघांचा आहे, आपला आणि तिचा. ती रोज दोनदा येऊन बांधाला हात लावून जाते, आपण वर्षातून एकदा. तिला विचारल्याशिवाय तिच्या अंगावरचं रान काढायचं हा कुठला न्याय?

"आनि तिच्या तर्फेनं बोलनार कोन? तूच ना?"

"मी न्हाय. मी भातवाला. मना तिची भाषा येत न्हाय." आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. कोळीवाड्यातली जानकी डोक्यावर पाटी घेऊन बांधाच्या टोकाला उभी होती. काकांनी तिला बोलावून ठेवलं होतं.

जोळात कोळी कधी आले नव्हते. त्यांची शेतं नाहीत, मग बांधाशी संबंध काय, अशी समजूत. दोघे-तिघे गुरगुरले, मासळीवालीचं इथं काय काम म्हणून. जानकी पाटी उतरवत म्हणाली, "कालवनात आमची मासली चालते तुमाना. बांदावर आमी न्हाय चालत." मग ती फार बोलली नाही. तिवराच्या मुळांत कोलंबी वाढते, चिंबोरी घर करते, बोईट तिथंच अंडी घालतं, रान गेलं की पहिल्यांदा आमच्या चुली विझतील आणि मग तुमची कालवणं. एवढं सांगून तिनं वाकून पिवळं टोपलं उपडं केलं.

मग गोंधळ झाला. टोपलं उचलून फेका, असं कुणी म्हणालं. तेव्हा नामाआजा काठी टेकत उभे राहिले. म्हणाले, टोपलं बांधावर ठेवलेलं आहे. काढायचं तर तेसुद्धा जोळाचंच काम. सगळ्यांचं एकमत होऊ दे. काकांनी आपलं टोपलं उपडं केलं. ते पाहून आणखी दोघांनी आपली उपडी केली, ज्यांच्या शेतांचा बांध लाटेच्या तोंडाशी होता. सगळे खाली बसले. दुपारपर्यंत बोलणं चाललं आणि कारभारी वाट बघून निघून गेला. रान राहिलं. पिवळं टोपलंही राहिलं, दर साली ओळीत लागू लागलं, आणि जानकी येऊ लागली.

काकांचं नाव झालं. ज्यांची नवी जमीन हुकली त्यांनी काही दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं, पण आतून सगळ्यांना ते वेगळे वाटू लागले. मलाही. छापखान्यातून हाकललेला माणूस, आणि त्यानं खाडीला बोलतं केलं! पुस्तकांत मी असलं काही वाचलं नव्हतं.

पुढल्याच उन्हाळ्यात एका पुनवेच्या उधाणाला बांध फुटला. वळणावर, जिथं बांध कोपरासारखा बाहेर आला होता आणि समोर रान मुळातच विरळ होतं, तिथं खांड पडली. त्या कोपऱ्यात बांध नेहमीच दुखणाईत. अवसेचं उधाण यायच्या आत खांड बुजवली नाही तर सगळी खार बुडणार, हे उघड होतं.

सकाळच्या ओहोटीला जोळ भरलं. काकांनी मांडलं ते असं: कोपरा धरून ठेवायचा हट्ट सोडावा. बांध मागे घ्यावा, सरळ करावा. कोपऱ्यातला जो तुकडा बाहेर राहील तो खाडीला परत द्यावा. तिथं कांदळ लावावा, चार-सहा वर्षांत तोच बांधाला आधार होईल. "आपन तिच्याकडून घेतलं हुतं. थोडं परत देऊ. पुढल्या गावाची ही पयली ओळ समजा." बोलणं इतकं सरळ होतं की मी मनात म्हटलं, हा माणूस कॉलेजात असता तर प्रोफेसर झाला असता.

सगळी टोपली सुलटी. जानकीनं पिवळं टोपलं सुलटंच ठेवलं. इतक्या झटकन एकमत झालेलं कुणाला आठवत नव्हतं. काकांचे खांदे हलायला लागले होते.

कोपऱ्यातला तो तुकडा चांगाच्या सखूचा होता. तिचा नवरा चांगा मुंबईला गोदीत कामाला होता, तिकडेच तापानं गेला. सखूच्या घरात पुरुष नव्हता, म्हणून चांगा गेल्यापासून त्या घरचं टोपलं ओळीत लागत नव्हतं. तिच्या वाट्याचा बांध शेजारचे भरत, आणि ती भाताच्या मोबदल्यात दुसऱ्यांच्या टोपल्यांनी माती वाही. त्या सकाळीही ती तिथंच होती, बायकांच्या घोळक्यात, चुंबळ डोक्यावर घालून काम सुरू व्हायची वाट बघत.

ती पुढे आली. आवाज चढवला नाही.

"जोमादादा, खाडीला टोपलं दिलंत. मना कवा दिलंत?"

खांडीतून पाणी उतरत होतं.

मी काकांकडे बघत होतो. त्यांनी एकदा पिवळ्या टोपल्याकडे पाहिलं, एकदा सखूच्या डोक्यावरच्या रिकाम्या चुंबळीकडे. मग त्यांनी आपलं टोपलं उचललं, उपडं घातलं, आणि त्यावर बसले.

जोमा खिळे टोपल्यावर बसले. आपल्याच बोलण्याला त्यांनी नकार दिला होता. सगळ्यांना खाली बसावं लागलं. चिडले सगळे, आणि का चिडू नयेत? ओहोटी संपत होती. माझा बापूस उघड म्हणाला की एका तुकड्यासाठी गाव बुडवतोस काय? दुसरा म्हणाला की सखूला आपण सगळे थोडं थोडं भात देऊ की, उपाशी का ठेवणार आहोत? सखू म्हणाली, "भात न्हाय मागत. शेत मागते. आनि भीक म्हनून नको. बांदाचा वाटाबी द्या, मी भरीन."

काका बायकांच्या घोळक्याकडे बघत होते. तिथं काशीकाकू उभ्या होत्या. काकांच्या मनात काय होतं ते सगळ्यांना कळलं: त्यांचं स्वतःचं उघाडीजवळचं शेत, गावातलं चांगल्यातलं चांगलं. त्यांनी तिथल्या तिथं 'दिलं' म्हणून टाकलं असतं तर लोकांनी पाया पडून घेतलं असतं. आदल्या वर्षीचे काका म्हणालेही असते. पण ते नुसते बघत राहिले.

"बघता काय?" काकू म्हणाल्या. "इचारा."

"काशे," काका म्हणाले. "उघाडीचं शेत सखूला द्यावं कं?"

काकूंनी त्या शेताकडे वळून पाहिलं. त्यातलं ढेकूळ न् ढेकूळ त्यांच्या हातचं होतं. गावातल्या एवढ्या पुरुषांसमोर कुणी त्यांना काही विचारलं, त्याची ती पहिलीच वेळ असावी, आणि त्यांनी ती घाईनं उरकली नाही.

"अर्धं," त्या म्हणाल्या. "अर्ध्यात मी भात लावीन. तुमी त्या खाडीतल्या तुकड्यात तुमचं पुढलं गाव लावा."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. सखू हसली नाही. ती येऊन काकूंच्या शेजारी उभी राहिली. काकूंनी काकांना उठवलं, "उठा, खाली टोपलं मोडंल," असं म्हणून टोपलं सुलटं केलं. दुसरं एक कुणाचं तरी जादा टोपलं होतं, ते सखूच्या हातात दिलं. सखूनं ते ओळीत, खाडीच्या टोपल्याच्या अलीकडे ठेवलं. हात लावून नीट सरळ केलं. मग काम उचललं, आणि अवसेच्या आधी बांध सरळ झाला.

त्या उन्हाळ्यापासून माती वाहणाऱ्या प्रत्येक घरचं टोपलं ओळीत लागू लागलं, पुरुष असो नसो. काकांच्या घरचं टोपलं काकू आणू लागल्या. शेत त्या कसत, मग टोपलं त्यांचंच, असं काका म्हणाले. आणि घराला टोपलं एकच, त्यामुळे त्यांना स्वतःला जोळात मत राहिलं नाही. माती मात्र ते सगळ्यांच्या आधी उचलत.

पुष्कळ दिवस त्यांनी पुढल्या गावाची गोष्ट काढली नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. एका संध्याकाळी मीच विचारलं की काका, पुढल्या गावाचं काय झालं? त्यांनी ती लोखंडी पट्टी कमरेतून काढून नखानं साफ केली.

"प्रूफ आलंय," ते म्हणाले. "चुका दिसल्या. सुधारल्याबिगर पुढलं पान लावायचं न्हाय."

मी म्हटलं, एक चूक होती, ती सुधारली की.

"सखूचं दिसलं, कारन ती बोलली. मी शेजारच्या घरात राहतो रे तिच्या. रोज दिसायची, आनि टोपलं नव्हतं ता न्हाय दिसलं. खाडी दिसली, खाडी लांब हाय. आता अजून कुनाचं दिसत न्हाय, ता मना कसं दिसनार?" असं म्हणून त्यांनी वर माळाकडे पाहिलं. तिथं कातकऱ्यांच्या झोपड्यांतून धूर निघत होता.

अर्ध्या शेताचं भात वर्षाला पुरत नसे. उरलेले महिने काकू दुसऱ्यांच्या लावणीला जात, काका होड्यांची डागडुजी करत. तक्रार कुणी केली नाही असं मी म्हणणार नाही. काकू करत, भरपूर करत, आणि काका ऐकून घेत. मला विचाराल तर त्यांचं पुढलं गाव कधी होईल याची खात्री मला तेव्हा नव्हती, आज नाही. पुस्तकांतून ज्यांनी अशी गावं रचली त्यांच्यापैकी कुणी आपलं टोपलं उपडं करून आपल्याच विचाराला अडवलं असेल का, एवढं मात्र मला पुष्कळदा वाटतं.

मला पालीला शाळेत जागा मिळाली. उन्हाळा संपत आला होता. निघायच्या दिवशी मचव्यातून आगरदांड्याला जायचं होतं, तिथून पुढे. काकांचा निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेलो तर घराला कडी. शेजारची सखू आपलं टोपलं घेऊन निघता निघता म्हणाली, सगळे बांधावर आहेत, जोळ आहे.

मचवा वळणावर आला तेव्हा भरती नुकती लागली होती. तांडेलानं बोट दाखवलं. खाडीला परत दिलेल्या तुकड्यात, गुडघाभर चिखलात, बांधाकडे पाठ करून जोमाकाका उभे होते. काखेत टोपलं, त्यात कांदळाच्या हिरव्या लांब शेंगा. एक शेंग चिखलात रोवायची, अंगठ्यानं दाबायची, एक पाऊल मागे सरायचं. पुढून पाणी येत होतं आणि ते मागे मागे सरकत होते, घाई न करता. रोवलेल्या शेंगांची एक ओळ पाण्यात डोकी काढून उभी होती. अगदी छापखान्यातल्यासारखी, एकेक खिळा जोडलेली.

मी हाक मारली. त्यांनी मान वर केली, चिखलानं भरलेला हात उचलला आणि पुन्हा वाकले.

त्यांच्या मागे, बांधावर, टोपल्यांची ओळ दिसत होती. पूर्वीपेक्षा लांब. त्यात एक टोपलं उपडं होतं. कुणाचं, ते इतक्या लांबून मला ओळखू आलं नाही. माणसं, बाया, सगळे मात्र मातीत खाली बसलेले होते.